थरथर हाताला लागते की बुडाला? जुन्या फियाटचं निदान आणि त्यामागचा इतिहास

दौंडमध्ये बोलायचं म्हटलं की रेल्वेवर बोलावं, अशी अपेक्षा असते. ती रास्तच आहे. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि भीमेकाठचं हे गाव जंक्शन झालं. पण आज आपण रुळावरच्या नाही, रस्त्यावरच्या चाकांबद्दल बोलणार आहोत. विषय साधा वाटेल: जुनी गाडी थरथरायला लागली, तर दोष कुठं आहे हे ओळखायचं कसं? आणि ही ओळखायची विद्या आपल्याकडे आली कुठून?

सुरुवात आमच्याच फजितीनं करतो. आमच्या घरी एक जुनी पद्मिनी आहे. साठच्या पुढे गेली की स्टिअरिंग हलायचं आणि त्याच वेळी पायाखालची फरशीही झणझणायची. आम्ही गॅरेजवाल्याला सांगितलं, "गाडी थरथरते." त्यानं टायर बदलायला लावले. अलाइनमेंट केलं. मग जॉइंट शाफ्ट उतरवून दोन्ही क्रॉस नवे टाकले. पैसे गेले, थरथर तशीच. उलट फरशीची झणझण वाढली!

शेवटी आम्ही दौंडातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. विचारलं, "साहेब, थरथर हाताला लागते का बुडाला? आणि मोजता येती का नुसती झिणझिण?" आम्ही गप्प. एवढे पैसे घातले, पण हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता आणि आम्हीही स्वतःला विचारला नव्हता.

आता या प्रश्नामागचं गणित बघा. पद्मिनीचं चाक एका फेरीत साधारण १.८५ मीटर जातं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला ९ फेऱ्या मारतं. मागच्या आसाचं गुणोत्तर सव्वाचारच्या आसपास धरलं, तर जॉइंट शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला ३८-३९ फेऱ्या मारतो. आणि शाफ्टचा क्रॉस प्रत्येक फेरीत दोन धक्के देऊ शकतो, म्हणजे सेकंदाला पंचाहत्तरच्या वर. सेकंदाला नऊ हा थरकाप आहे, हाताला वेगळा कळतो. चाळीसची झणझण होते. पंचाहत्तरचा तर घुमल्यासारखा आवाजच येतो. मिस्त्रींनी हे आकडे कधी मांडले नसतील, पण त्यांच्या तळव्याला ते पाठ होते.

क्रॉस दोन धक्के का देतो? इथं थोडं मागं जावं लागतं. या जोडाला इटलीच्या कार्डानोचं नाव आहे, तो सोळाव्या शतकातला. इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं १६७० च्या दशकात त्याचं नीट वर्णन केलं. दोन दांडे कोनात असतील, तर पहिला एकसारखा फिरला तरी दुसरा एकसारखा फिरत नाही. तो एका फेरीत दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दीड टक्का पुढे, दीड टक्का मागे. यावर उपाय एकच: दुसऱ्या टोकाला तसाच जोड, तेवढ्याच कोनात, आणि दोन्ही योक एका रेषेत बसवायचे. म्हणजे पहिल्यानं केलेली चूक दुसरा फेडतो. योक रेषेत नसतील, तर चूक फेडली जायची सोडून तिच्यात भरच पडते.

हे यंत्र आपल्या भागात आणणाऱ्यांमध्ये एक नाव ठळक आहे, वालचंद हिराचंद. १८८२ चा सोलापूरचा जन्म. सुरुवात रेल्वेच्या कंत्राटांतून. आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर त्यांच्याच नावानं उभं आहे. जहाज, विमान आणि मोटार, तिन्ही या देशात व्हायला हवीत हा त्यांचा ध्यास होता. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं.

त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. त्यामुळे मिळालेली गाडी मोडीत काढणं परवडायचंच नाही. ती दुरुस्त करत करत चालवायची. आमच्या मते मिस्त्रींची विद्या या टंचाईतून वाढली. सुटा भाग सहज मिळत नव्हता, म्हणून आधी निदान आणि मग पाना, ही शिस्त आली. आज भाग लगेच मिळतो, आणि शिस्त उलटी झाली आहे.

बरं, मिस्त्रींनी पुढं काय केलं? गाडी कुरकुंभच्या रस्त्यानं सोलापूर हमरस्त्याला काढली. मागं कुणी नाही हे बघून सत्तरला गिअर न्यूट्रल केला. इंजिन चालूच ठेवलं, ते बंद करायचं नाही हे लक्षात ठेवा. इंजिन शांत झालं, पण थरथर आहे तशीच राहिली. म्हणजे इंजिन, त्याची माउंटिंग आणि क्लच बाजूला पडले. ब्रेक हलका दाबला, थरथर वाढली नाही. म्हणजे ड्रम अंडाकृती झालेला नाही. उरली चाकं आणि शाफ्ट. दहा मिनिटांत निम्मी गाडी संशयातून मुक्त!

मग पुढचं चाक जॅकवर घेतलं, खाली भक्कम ठोकळे लावले. चाक डावी-उजवीकडे धरून हलवलं, तर खटखट. टाय रॉड एंड ढिला. वर-खाली धरून हलवलं, तिथंही किंचित प्ले. मग आम्हाला ब्रेक दाबून ठेवायला सांगितलं. प्ले गेला, म्हणजे हब बेअरिंगचा होता. ब्रेक दाबूनही राहिला असता, तर किंग पिनकडे बघावं लागलं असतं. टाय रॉड एंड बघून मिस्त्री एवढंच म्हणाले, "हा सुटला असता तर चाक एकीकडं आन् तुम्ही एकीकडं." नवे टायर घालून, अलाइनमेंट करून आम्ही त्या गाडीतून घरच्या माणसांना सिद्धटेकला नेऊन आणलं होतं. तो टाय रॉड एंड तेव्हाही ढिलाच असणार.

पुढच्या चाकांची थरथर हा जुना दुखणाईत आहे. १९२० च्या दशकात जाड, कमी हवेचे टायर आले, पुढच्या चाकांना ब्रेक आले, आणि अखंड आसाच्या गाड्यांची पुढची चाकं वेगात फडफडू लागली. एक चाक उचललं की आस तिरपा होतो आणि फिरत्या चाकांच्या भोवरा-गुणामुळे ती बाजूला वळू पाहतात. १९३४ च्या सुमारास अमेरिकेत दोन्ही चाकांना स्वतंत्र स्प्रिंग देऊन यावर उतारा काढला गेला. फियाटला तो मिळाला होता. जुन्या जीपला नाही, म्हणून किंग पिन झिजलेली जीप खड्ड्यातून गेली की स्टिअरिंग हातातून हिसकावून घेते.

आमच्या गाडीचे टाय रॉड एंड बदलले, हब बेअरिंग आवळलं, चाकांचं बॅलन्सिंग केलं. बॅलन्सिंगला हलकं समजू नका. रिमच्या कडेला ३० ग्रॅम जास्त असले, तर ताशी ८० ला ते सेकंदाला बारा वेळा, प्रत्येक वेळी तीन किलोच्या ओढीनं चाक खेचतात. ही ओढ वेगाच्या वर्गानं वाढते.

हाताची थरथर गेली, बुडाची राहिली. मग मिस्त्री गाडीखाली गेले आणि हसतच बाहेर आले. क्रॉस नवे होते, चांगलेही होते. पण शाफ्ट परत जोडताना सरकता जोड एक दाता चुकून बसवला होता. दोन्ही योक एका रेषेत नव्हते. उतरवण्याआधी खडूची एक खूण केली असती, तर हे झालंच नसतं. तो खडू काही रुपयांचा. त्यांनी दाता सरकवला, मधल्या बेअरिंगचं रबर तपासलं, ग्रीस मारलं. संध्याकाळी गाडी पाटसपर्यंत नेऊन आणली. फरशी शांत.

आता गंमत बघा. कुर्ल्यातलं फियाटचं ते पर्व संपलं. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. पण फियाटचा कारखाना आपल्या शेजारी, शिरूर तालुक्यात रांजणगावला उभा राहिला, आणि आता तिथून जीप या नावाच्या गाड्या बाहेर पडतात. दोन्ही जुनी नावं आपल्याच अंगणात आली. १९८३ मध्ये मारुती आल्यावर पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या घरोघरी झाल्या, लांब जॉइंट शाफ्ट बहुतेक छोट्या गाड्यांतून गेला, आणि त्याबरोबर त्याचं निदान करणारा कानही जाऊ लागला.

म्हणून आमची एक विनंती आहे. तुमच्या गावात असा मिस्त्री असेल, तर त्याच्याजवळ बसा. तो प्रश्न कोणत्या क्रमानं विचारतो, ते लिहून घ्या. कधी थरथरते, कुठं लागते, कशानं थांबते. भागांची नावं बदलतील, हा क्रम बदलणार नाही. आणि गाडी थरथरत असेल, तर टायरच्या दुकानात जाण्याआधी पुढचं चाक उचलून डावी-उजवीकडे एकदा हलवून बघा. आज एवढंच. आता तुमचे प्रश्न घेऊ.