डोळ्यांतले पाणी आटते तेव्हा

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील भूम-परंड्याकडचा उन्हाळा आठवा. कोरडी हवा, धुळीचा वारा, आटलेल्या विहिरी. अशा दिवसांत पन्नाशीच्या शिक्षिका म्हणतात, "डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते." एखादे लहान मूल दिवेलागणीनंतर अंगणात चाचपडते. दोन्ही ठिकाणी डोळा कोरडा पडण्याचा संभव आहे. पण हे विकार वेगळे, त्यांची कारणे वेगळी आणि इतिहासही वेगळा.

हा फरक आपल्याकडच्या जुन्या वैद्यांच्या नजरेस आला होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'शुष्काक्षिपाक' नावाचा विकार सांगितला आहे. त्यात पापण्या खरखरीत व कठीण होतात, दृष्टी गढूळते, डोळे उघडताना त्रास होतो. त्यावरील उपचारांत तुपाला मोठे स्थान आहे. त्याच ग्रंथात रातांधळेपणासाठी मात्र पिंपळीबरोबर शिजवलेले बकऱ्याचे यकृत सुचवले आहे. यकृतच का, याचे उत्तर मिळायला विसावे शतक उजाडावे लागले.

१९०४ साली जपानमधील मोरी या डॉक्टरांनी डोळे कोरडे पडलेल्या सुमारे दीड हजार बालकांची माहिती प्रसिद्ध केली. कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने ही मुले बरी होत. १९१३ साली अमेरिकेत मॅक्कोलम व डेव्हिस यांना लोणी आणि अंड्यातील बलक यांत वाढीला आवश्यक असा पदार्थ आढळला. तेच पुढे 'अ' जीवनसत्त्व ठरले. पहिल्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमध्ये ब्लॉक या बालरोगतज्ज्ञांनी याची जणू सामाजिक बाजू दाखवली. देशातले लोणी परदेशी विकले जाई आणि गरिबांची मुले मार्गारीन व साय काढलेल्या दुधावर वाढत. त्यांचे डोळे कोरडे पडत, काही आंधळी होत. नाकेबंदीमुळे निर्यात थांबली, लोणी देशातच राहिले आणि हा रोग ओसरला!

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात, पुढे हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादला १९५८ साली कुन्नूरहून पोषण संशोधन प्रयोगशाळा आली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. 'अ' जीवनसत्त्व यकृतात साठते, म्हणून एक मोठा डोस अनेक महिने पुरतो, हे तत्त्व तिथल्या संशोधकांनी खेड्यांतील मुलांवर पारखले. १९७० साली देशभराचा कार्यक्रम सुरू झाला: एक ते पाच वर्षांच्या मुलांना दर सहा महिन्यांनी दोन लाख एककांचा डोस.

पाठोपाठ १९७२चा दुष्काळ आला. माणसे खडी फोडायला गेली, सुकडीवर दिवस काढले. पोट भरणे हीच पहिली निकड होती. पण दुष्काळात पालेभाजी आणि दूध सर्वांत आधी ताटातून जाते, आणि नुसत्या ज्वारीतून 'अ' जीवनसत्त्व फारसे मिळत नाही. हे किती गंभीर आहे ते सॉमर यांच्या इंडोनेशियातील अभ्यासाने १९८३ साली उघड झाले: डोळ्यांत सौम्य लक्षणे असलेली मुलेही इतरांपेक्षा अधिक संख्येने दगावत होती. कोरडा डोळा ही सगळ्या शरीराची हाक होती.

दुसऱ्या विकाराची कथा टीपकागदापासून सुरू होते. १९०३ साली जर्मनीतील शिर्मर यांनी खालच्या पापणीत टीपकागदाची पट्टी अडकवून ती पाच मिनिटांत किती मिलिमीटर भिजते ते मोजले. ही चाचणी आजही वापरतात. (वर्गात टीपकागद पाण्याच्या थेंबात धरून तत्त्व दाखवावे, डोळ्यात कदापि घालू नये.) १९३३ साली स्वीडनमधील श्योग्रेन यांनी १९ स्त्रियांच्या अभ्यासातून दाखवले की कोरडे डोळे, कोरडे तोंड आणि सांधेदुखी एकाच रोगाची अंगे असू शकतात. त्या प्रबंधाला परीक्षकांनी कमी गुण दिले. आज त्या रोगाला त्यांचेच नाव आहे.

पुढे कळले की अश्रू म्हणजे नुसते पाणी नव्हे. त्यावर पापणीतील ग्रंथींच्या स्निग्धाचा पातळ थर असतो. तो बिघडला की पाणी भराभर उडते, डोळा चुरचुरतो आणि प्रतिक्रिया म्हणून उलट पाणावतो. म्हणून "माझ्या डोळ्यांतून तर पाणी येते" असे म्हणणाऱ्याचा डोळाही कोरडा असू शकतो.

शिक्षकांनी काय करावे? मूल संध्याकाळी अडखळत असेल, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग असेल, तर त्याच दिवशी पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. मोठा डोस मनाने देऊ नये. जादा झाल्यास तो बाधतो. एरवी शेवग्याचा पाला, तांदुळजा, पपई, आंबा आहारात असावेत. भाजीला थोडे तेल हवेच, कारण हे जीवनसत्त्व स्निग्धात विरघळते.

मोठ्यांनी पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये, मोटारसायकलवर चष्मा लावावा, पडद्याकडे पाहताना आठवणीने पापण्या मिटाव्यात. तिथे उघडझाप बरीच कमी होते. गरम पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याचा सोसवेल असा शेक बंद पापण्यांना द्यावा. कृत्रिम अश्रूंचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावेत. दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब मात्र काचबिंदू ओढवू शकतात. आणि डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा अंधुक दिसू लागले, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये.