एव्हर्टनचं जन्मवर्ष

लिव्हरपूल शहरातला एव्हर्टन हा फुटबॉल क्लब निघाला क्रिकेटमधून, आणि तेही चर्चच्या क्रिकेटमधून. 1877 साली सेंट डोमिंगो या मेथडिस्ट चॅपलवर बेन स्विफ्ट चेंबर्स नावाचे पाद्री नेमले गेले. माणूस यॉर्कशरचा, क्रिकेटचा शौकीन. बायबलच्या वर्गाला येणाऱ्या तरुणांचा त्यांनी संघ बांधला. यात हौस होतीच, पण हिशेबही होता. कामगारांना शनिवारी दुपारनंतर सुट्टी मिळू लागली होती, आणि रिकामा तरुण चॅपलकडे फिरकला नाही तर गुत्त्याकडे वळणार, हे पाद्र्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यातून मेथडिस्टांचा दारूवर विशेष राग. ॲस्टन व्हिला, बोल्टन, साउदॅम्प्टन या क्लबांची मुळंही अशीच चर्चच्या आवारात सापडतात.

क्रिकेट उन्हाळ्यापुरतं, थंडीत पोरांनी करायचं काय? म्हणून 1878 मध्ये फुटबॉल सुरू झालं. मैदान म्हणजे स्टॅन्ली पार्क, सगळ्यांसाठी खुली बाग. गोलचे खांबही खेळाडूंनीच वाहून आणायचे.

खेळ रंगला तसे चॅपलशी काही संबंध नसलेले लोकही संघात यायला लागले. त्यांनी सेंट डोमिंगोच्या नावाने का म्हणून खेळावं? नोव्हेंबर 1879 मध्ये क्वीन्स हेड हॉटेलात बैठक भरली आणि एव्हर्टन या वस्तीचं नाव घ्यायचं ठरलं. म्हणजे पोरांना दारूपासून लांब ठेवायला जमवलेल्या संघाचं बारसं झालं ते दारू मिळण्याच्या ठिकाणी!

मग जन्मवर्ष कोणतं धरायचं? नावावर गेलं तर 1879. क्लबच्या बोधचिन्हावर मात्र 1878 आहे, आणि मला तेच योग्य वाटतं. माणसं तीच, खेळ तोच, बदलली ती पाटी. बोल्टनचं उदाहरण तर आणखी टोकाचं आहे. तिथे 1877 मध्ये धर्मगुरूंशी बिनसलं, संघाने क्राइस्ट चर्चशी नातं तोडलं, नाव बोल्टन वाँडरर्स केलं. तरी स्थापना सांगतात 1874 चीच. भांडून घर सोडलेला मुलगाही जन्मतारीख घरचीच सांगतो.

   

दारूने मात्र पिच्छा सोडला नाही. 1884 पासून संघ ॲनफिल्डच्या मैदानावर खेळत होता आणि तिथला कर्ताधर्ता जॉन हौल्डिंग हा बिअरचा कारखानदार. त्याने वर्षाचं भाडं 100 पौंडांवरून 250 वर नेलं. विरोधकांचा म्होरक्या जॉर्ज मेहॉन हा सेंट डोमिंगोचा ऑर्गनवादक. ऑर्गनवाला विरुद्ध बिअरवाला, असं चित्र रंगवायचा मोह होतो. पण भांडण मुख्यतः पैशाचं आणि सत्तेचं होतं, असं मला वाटतं. 1892 मध्ये एव्हर्टन स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे गुडिसन पार्क या मैदानावर गेला. हौल्डिंगकडे मैदान उरलं, खेळायला संघ नाही. मग त्याने नवा क्लब काढला, लिव्हरपूल एफसी.