सशांच्या हाक्याची कुळकथा

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात फॅलन गावाजवळ स्पिरिट केव्ह नावाची कोरडी गुहा आहे. तिथे 1940 साली एका माणसाचे सुकलेले शरीर सापडले. ते सशाच्या कातडीच्या पांघरुणात गुंडाळलेले होते आणि वर लव्हाळ्यासारख्या पाणगवताच्या चटया होत्या. अनेक वर्षांनी त्याचे वय काढले, तेव्हा ते दहा हजार वर्षांहून जुने निघाले. कातडी ओलसर असताना तिची लांब पट्टी कापायची, पिळून तिचा केसाळ दोर करायचा आणि असे दोर एकमेकांत विणायचे, ही त्या मुलखातली पांघरुणाची रीत. मोठ्या माणसाच्या एका पांघरुणाला साधारण शंभर कातडी लागतात. एकेक ससा टिपून ती जमवणे कठीण. म्हणून सशांच्या हाक्याचे मूळ मला भुकेइतकेच थंडीतही दिसते.

ज्याचा हा हाका होई त्या जॅकरॅबिटचे नाव काहीही असो, प्राणी आपल्या माळरानावरच्या सशाच्याच कुळातला, लेपस. तो बीळ करत नाही. सेजब्रशच्या झुडपाखाली उथळ खळगा करून दबून बसतो आणि जिवावर बेतले की पळत सुटतो. बिळात शिरणाऱ्या प्राण्याचा हाका होऊच शकत नाही, पळणाऱ्याचा होतो. त्या मुलखातल्या पायूट, शोशोनी आणि वाशो या मूळ रहिवाशांनी हे हेरून वाघर विणली. डॉगबेन नावाच्या झाडाच्या वाळलेल्या काड्या ठेचून वाख काढायचा, तो मांडीवर वळून सूत करायचे आणि त्याचे शेकडो फूट लांब, जेमतेम कमरेएवढे उंच जाळे करायचे. कामाला काही महिने जात, त्यामुळे वाघर असलेली घरे थोडीच असत. ज्यांच्याकडे ती असे ते आपापल्या वाघरी जोडून मोठा अर्धगोल मांडत. बाया, मुले, म्हातारे, सारे हाकारे होऊन समोरून येत.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो या हाक्याचा म्होरक्या. कुठे, कधी आणि किती, हे तो ठरवी. त्याची सत्ता तेवढ्या कामापुरतीच असे, पण हाका चालू असेपर्यंत सारे त्याचे ऐकत. हाका पडे तो पाइन झाडांच्या बिया वेचून झाल्यावर, शरदाच्या अखेरीस. तेव्हा सशांची लव दाट झालेली असते. त्या थंड मुलखात विणीचा हंगाम उन्हाळ्यातच सरतो, त्यामुळे माद्या गाभण नसतात आणि वर्षाची पिल्ले वाढलेली असतात. मांस खायचे, उरलेले सुकवायचे, कातडी पांघरुणाला. नियम कुठे लिहिलेला नव्हता, तरी हंगाम, गरज आणि एका जाणत्याचा शब्द यांनी हात आवरलेला राही.

गोऱ्या वसाहतदारांनी हाका घेतला, म्होरक्या घेतला नाही. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात द्राक्षमळे आणि शेती उभी राहिली, ससे कोवळी साल आणि पिके खाऊ लागले. वाघरीच्या जागी तारेच्या दोन लांब कुंपणांचे नरसाळे आले, टोकाला कोंडवाडा आणि हातात दांडकी. 1892 साली फ्रेस्नोजवळच्या एका हाक्यात सुमारे 20,000 ससे मारले गेले. त्याच सुमारास हे राज्य कायोटी या लांडग्यासारख्या प्राण्याच्या टाळूमागे पाच डॉलर बक्षीस देत होते. ससे खाणारा प्राणी मारायला एक खर्च आणि ससे मारायला दुसरा! टी. एस. पामर यांनी 1896 साली अमेरिकी कृषी खात्यासाठी जॅकरॅबिटवर अहवाल लिहिला, त्यात हे हाके तपशीलवार नोंदले आहेत. कॅन्ससच्या धुळीच्या वादळांच्या काळात, 1930 नंतर, पुन्हा तेच झाले. दुष्काळाने पिचलेल्या शेतकऱ्याचा राग मला समजतो. त्याच्या शेतात खरोखरच काही उरत नव्हते. पण तिथे संख्येवर ताबा नव्हता, उद्रेक झाल्यावरची धावाधाव होती.

सशांची संख्या मुळातच चढते आणि कोसळते. युटाच्या कर्ल्यू खोऱ्यात जीवशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे मोजणी केली, तेव्हा साधारण दहा वर्षांचा फेरा आणि त्यात कायोटीचा मोठा वाटा दिसला. आयडाहोत सोनेरी गरुडांची वीणही सशांच्या भरतीओहोटीबरोबर वरखाली होते. म्हणजे शिकाऱ्याच्या वाट्याआधी इतरांचा वाटा धरावा लागतो.

आज कॅलिफोर्नियात जॅकरॅबिटची शिकार वर्षभर खुली असली तरी माणशी दिवसाला दहाची मर्यादा आहे. वॉशिंग्टन राज्यात जॅकरॅबिट इतके घटले की त्यांच्या तिथल्या दोन्ही जातींची शिकार बंद आहे. आपल्याकडे तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हाच आहे. तिकडचे जाणते शिकारी थंडी कडक होईपर्यंत थांबतात. ट्युलरेमिया हा सशांमार्फत माणसाला होणारा ताप गोचिडांतूनही पसरतो, आणि थंडीत त्या कमी होतात. ससा सोलताना हातमोजे घालतात, मांस पूर्ण शिजवतात, शिशाच्या छऱ्यांनी मारलेला ससा गरुडांच्या तोंडी लागेल असा माळावर टाकून देत नाहीत. 2020 साली अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या राज्यांत सशांचा रक्तस्रावी विषाणू रानातल्या जॅकरॅबिटमध्ये पसरला, तेव्हापासून एकाच जागी अनेक ससे मेलेले दिसले तर त्यांना हात न लावता राज्याच्या वन्यजीव खात्याला कळवायचे असते.