मुंबई जिच्या आंदणात गेली ती राणी

शाळेच्या इतिहासातली एक ओळ आपण सर्वजणींनी कधी ना कधी पाठ केलेली असते : पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले. ही ओळ म्हटली की गुरुजी पुढच्या धड्याकडे वळत आणि आपणही वळत असू. आंदण लक्षात राहते, नवरी राहत नाही. त्या नवरीचे पुढे काय झाले, हे मैत्रिणींना सांगावे म्हणून हा लेख.

तिचे नाव कॅथेरिन, घराणे ब्रागांझा. जन्म २५ नोव्हेंबर १६३८ चा. त्या वेळी पोर्तुगाल स्पेनच्या अंमलाखाली होता. ती दोन वर्षांची झाली तेव्हा, १६४० साली, पोर्तुगीजांनी उठाव केला आणि तिच्या वडिलांना गादीवर बसविले. पण स्पेन काही सोडायला तयार नव्हता, लढाई चालूच राहिली. १६५६ साली वडील वारले. गादीवर आलेला भाऊ लहान, म्हणून आई लुइसा कारभार पाहू लागली. ही बाई मूळची स्पेनचीच, पण सासरच्या राज्यासाठी माहेराशी झुंजली. तिला एका बळकट सोबत्याची गरज होती, आणि हाताशी होती एक लग्नाची मुलगी.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला पैशाची गरज होती. १६६१ साली करार झाला. वीस लाख क्रुझादो रोख, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे टँजिअर शहर, मुंबई बेट, शिवाय पोर्तुगीजांच्या मुलुखात व्यापार करण्याची मोकळीक. बदल्यात इंग्लंडने स्पेनविरुद्ध लढण्यास फौज द्यावयाची. आता प्रत्यक्षात एवढे रोकड पैसे पोर्तुगालजवळ नव्हते. निम्मी रक्कम साखर, इतर माल आणि हुंड्या अशा रूपाने जहाजावर चढविली आणि हिशोब चुकता करायला एक व्यापारी बरोबर धाडला. हुंड्यात हुंड्या! आपल्याकडे हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला, या करारानंतर बरोबर तीनशे वर्षांनी. राजाच्या घरीसुद्धा हुंडा पुरता पोचला नाही म्हणून कुरकुर झाली, मग आपल्यासारख्यांच्या घरची काय कथा!

एप्रिल १६६२ मध्ये कॅथेरिनची पाठवणी झाली. वय तेवीस. वाड्याबाहेर फारशी न पडलेली, देवाधर्मात वाढलेली मुलगी. इंग्रजी अक्षर येत नव्हते. नवऱ्याशी ती स्पॅनिशमधून बोले. मायलेकींची ही शेवटची भेट ठरली. लुइसा १६६६ साली वारली, तोवर लेक माहेरी येऊ शकली नव्हती.

पोर्ट्समथ बंदरात मे महिन्यात लग्न लागले, तेही दोनदा. आधी तिच्या कॅथलिक पद्धतीने गुपचूप, मग इंग्लंडच्या धर्माप्रमाणे उघड. या धर्माच्या फरकामुळेच तिला राज्याभिषेक कधी झाला नाही. तिच्या पाठराखणींचे रुंद घेराचे पोशाख पाहून इंग्रज मंडळी हसली.

खरी परीक्षा पुढेच होती. राजाची बार्बरा पामर, म्हणजेच लेडी कॅसलमेन, नावाची एक रखेल होती. तिचे नाव लुइसाच्या कानावर गेले होते आणि त्या बाईला जवळ येऊ देऊ नकोस, असे तिने लेकीला बजावून ठेवले होते. लग्नाला महिना झाला नाही तोच या बाईला राजापासून मुलगा झाला. नंतर राणीच्या खाशा सेविकांची यादी मंजुरीसाठी तिच्यापुढे आली, त्यात बार्बराचे नाव होते. राणीने ते नाव खोडले. मग राजाने भर दरबारात तिचा हात धरून तिला राणीपुढे आणून उभे केले. कॅथेरिनने तिला ओळखले नाही, हसून स्वागत केले. कोणी कानात नाव सांगितले तेव्हा तिच्या नाकातून रक्त आले आणि ती मूर्च्छित पडली.

राजाला दया यायला हवी होती. त्याला राग आला. आपला चारचौघांत अपमान झाला असे त्याने धरले. क्लॅरेंडन या वृद्ध प्रधानाला समजूत घालायला पाठविले. पाठराखणींना परत धाडून दिले, एक म्हातारी आजारी सरदारीण तेवढी मागे राहिली. परक्या देशात बोलायला माणूस नाही, धर्म वेगळा, दरबार राजाच्या बाजूचा. शेवटी तिने हार मानली आणि बार्बराला ठेवून घेतले. काही लेखक याला तिचा दुबळेपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. माहेरची लढाई या लग्नावर चालली होती. ती रुसून परत गेली असती तर इंग्रजांची फौजही परत गेली असती. स्पेनने पोर्तुगालचे स्वातंत्र्य मान्य केले ते १६६८ साली.

चहा तिनेच इंग्लंडात नेला असे सांगतात, ते खरे नव्हे. ती येण्याआधी, १६६० सालीच, सॅम्युएल पीप्स या गृहस्थाने लंडनमध्ये चहा घेतल्याची नोंद आहे. मात्र माहेरची ही सवय तिने दरबारात रूढ केली आणि मोठ्या घरच्या बायका चहा पिऊ लागल्या, हे खरे.

मूल मात्र झाले नाही. १६६३ च्या शरद ऋतूत ती जिवावरच्या दुखण्याने पडली. तापाच्या भ्रमात आपल्याला मुले झाली आहेत असे ती बोलू लागली. मुलगा कुरूप आहे म्हणून तिला वाईट वाटत होते. राजा उशाशी बसून रडत होता. नाही ग, चांगला देखणा आहे, असे त्याने सांगितले. तुमच्यासारखा असेल तर देखणाच, असे ती म्हणाली. हे वाचून माझ्याने पुस्तक पुढे वाचवेना. बरी झाली, पण पुढे दिवस राहिले तेव्हा तेव्हा गर्भ टिकला नाही. राजाला बाहेर डझनभर मुले होती, म्हणून सारा दोष राणीच्या पदरात पडला.

आता तिच्या आंदणाची हकीकत. मुंबई ब्राझीलजवळ आहे असे क्लॅरेंडनने लिहून ठेवले आहे, यावरून घेणाऱ्यांना काय मिळाले याची किती कल्पना होती ते दिसते! १६६२ साली सुमारे चारशे शिपाई बेट ताब्यात घ्यायला आले, तर गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराने सबबी सांगून ते द्यायचे नाकारले. बिचारे कारवारजवळच्या अंजदीव बेटावर पडून राहिले. त्यांचा सेनापती शिपमन तिथेच वारला आणि शंभराच्या आसपास शिपाई जगले. अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबईचा ताबा दिला गेला, तोही एका बाईच्या घरी. दोना इनेस द मिरांदा या विधवेचा तो मोठा वाडा हल्लीच्या टाउन हॉलच्या मागच्या बाजूस होता. बेटावरच्या कोळी-भंडाऱ्यांना कोणी विचारले नाही, जसे कॅथेरिनलाही विचारले नव्हते. राजाला बेटाचा खर्च परवडेना. १६६८ साली वर्षाला सोन्याच्या नाण्यांत दहा पौंड एवढ्या खंडावर त्याने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. राणीने मुंबई कधी पाहिलीही नाही.

१६७८ साली टायटस ओट्स नावाच्या लबाड माणसाने आळ घेतला की, राणी आणि तिचा वैद्य वेकमन मिळून राजाला विष घालणार आहेत. कॅथलिकांविरुद्ध लोक पेटलेलेच होते. राणीला राजवाड्यातून काढा, अशी पार्लमेंटात मागणी झाली. दुसरी बायको करून वारस मिळवावा, असा सल्लाही राजाला मिळाला. इथे मात्र चार्ल्स तिच्या पाठीशी उभा राहिला. सोडचिठ्ठी द्यायला तो कधीच तयार झाला नाही. वेकमन १६७९ साली निर्दोष सुटला. चार्ल्स बाहेरख्याली खरा, पण हे त्याच्या जमेला धरले पाहिजे. १६८५ साली तो मृत्युशय्येवर असताना तिला उभे राहवेना, म्हणून तिने क्षमा मागणारा निरोप धाडला. क्षमा तिने कशाला मागायची, मीच तिची मागतो, असे त्याने उलट कळविले.

विधवा झाल्यावर सात वर्षे ती इंग्लंडातच राहिली आणि १६९२ साली निघून जानेवारी १६९३ मध्ये लिस्बनला पोचली. एकतीस वर्षांनी माहेर! आई नव्हती, थोरला भाऊ गेलेला, धाकटा पेद्रो गादीवर. तिने बेंपोस्ता येथे वाडा बांधला. १७०४ साली स्पेनशी पुन्हा युद्ध जुंपले तेव्हा पेद्रोने कारभार तिच्या हाती सोपविला. जिला इंग्लंडात कोणी राजकारणात विचारले नाही, ती आता, साठी उलटल्यावर, खलबतांना बसू लागली, आणि १७०५ च्या मोहिमेत पोर्तुगीज फौजेने स्पेनच्या हद्दीतली ठाणी घेतली. आईनेही असाच, याच शत्रूशी लढत, राज्य सांभाळले होते. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, कॅथेरिन लिस्बनमध्ये वारली.