धर्मगुरूंवांचून दोनशें वीस वर्षें

महोत्सवाच्या स्मरणिकेंत इतिहास लिहावयाचा म्हटलें म्हणजे मंदिराचा पाया केव्हां घातला, घंटा कोणीं दिली, कोणकोणते धर्मगुरु येऊन गेले, याची यादी देण्याचा प्रघात आहे. ती यादी देणारे देतीलच. आम्हीं मात्र प्रिय वाचकांपुढें अशा एका गांवाची हकीगत ठेवण्याचें योजिलें आहे कीं, ज्यास दोनशें वीस वर्षें मंदिरही नव्हतें आणि धर्मगुरुही नव्हता. ही हकीगत धर्मगुरूनेंच सांगावी हें किंचित् चमत्कारिक दिसेल. पण आम्हांस ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

हें गांव म्हणजे जपानांतील नागासाकी शहरालगतचें उराकामी. आपणां वसईकरांस नागासाकी हें नांव परकें नाहीं. वसईंत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांस दुसऱ्या पंचवीस जणांसह ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं तेथील टेकडीवर क्रुसावर चढवून भाल्यांनीं विंधण्यांत आलें. पुढें १६१४ मध्यें सबंध जपानांत ख्रिस्ती धर्मास बंदी झाली. पाद्री हद्दपार झाले. जे लपून राहिले ते एकामागून एक पकडले गेले. आणि १६४४ मध्यें कोनिशी मान्शियो हे उरलेले शेवटचे धर्मगुरु रक्तसाक्षी झाले. त्यानंतर मिस्साबलि नाहीं, पापनिवेदन नाहीं, मरणाऱ्याच्या कपाळीं तेल नाहीं.

मग हे लोक टिकले कसे? दृढ श्रद्धेनें, असें कोणी म्हणेल. उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. एकट्यादुकट्याची श्रद्धा अशा छळांत दोन पिढ्याही टिकती ना, असें आमचें स्पष्ट मत आहे. बंदीपूर्वींच मिशनरींनीं या लोकांस संघ करून राहण्याची संवय लाविली होती. हे संघ म्हणजे आपल्याकडील कोंफ्रारियाच. नांवही तेंच पोर्तुगीज. एकत्र प्रार्थना करावी, रोग्यांची शुश्रूषा करावी, प्रेतांस मूठमाती द्यावी, गरिबांस हात द्यावा, हीं त्यांचीं कामें. पाद्री गेले, पण ही घडण राहिली.

उराकामींत एक गृहस्थ पंचांग सांभाळी. रविवार कोणता, उपवासकाळ केव्हां लागतो, नाताळ कधीं, हें तो मोजून ठेवी. प्रत्येक वस्तीस बाप्तिस्मा देणारा एक जण नेमलेला असे, आणि त्याच्या हाताखालीं घरोघर निरोप पोंचविणारे असत. पंचांगवाल्यानें बाप्तिस्मा देणाऱ्यास सांगावें, त्यानें निरोप्यास, निरोप्यानें झोंपडींत जाऊन हळूच कानांत सांगावें. अशा रीतीनें सण गांवभर पोंचे. प्रार्थना मुखोद्गत असत आणि आईबापांकडून मुलांकडे जात. या सांखळींतील एकही कडी निखळती, तर पुढच्या घरीं रविवार उगवताच ना! असे सात पंचांगवाले एकामागून एक होऊन गेले. सातवा १८५६ सालच्या धरपकडींत सांपडून तुरुंगांत मेला.

एक गोष्ट येथें लपवून चालणार नाहीं. दरवर्षीं सरकारी अधिकाऱ्यांपुढें प्रत्येकास ख्रिस्ताच्या किंवा पवित्र मरियेच्या प्रतिमेवर पाय द्यावा लागे, आणि उराकामीचे लोक तो देत. घरीं परतल्यावर ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. धर्मगुरु नसतां पूर्ण पश्चात्ताप कसा करावा हें शिकविणारी एक पुस्तिका मिशनरींनीं पूर्वींच तयार करून दिली होती. तीच त्यांची शिदोरी झाली. पाप तें पापच, असें आमचें धर्मशास्त्र सांगतें व आम्हीही तेंच सांगतों. परंतु त्या सायंकाळीं खालीं मान घालून बसलेल्या बापास कोणी घराबाहेर काढिलें नाहीं. शेजारींही तसाच एक बाप बसलेला होता. पडलेल्यास पडलेल्यांनींच उचललें. त्यांस भ्याड म्हणावयास आमची जीभ उचलत नाहीं.

१८६५ सालीं नागासाकींतील ओउरा भागांत परदेशी लोकांसाठीं एक मंदिर उभें राहिलें. तें त्या सव्वीस रक्तसाक्षींच्याच, म्हणजे आपल्या गोन्सालोंच्याही, नांवानें अर्पण केलेलें होतें. १७ मार्च रोजीं उराकामीचीं कांहीं माणसें तेथें आलीं. फ्रेंच धर्मगुरु पेतिझाँ यांच्याजवळ सरकून एका बाईनें हळूच सांगितलें कीं, आमचें व आपलें अंतःकरण एकच आहे. आणि पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे म्हणून विचारिलें.

परंतु बंदी उठलेली नव्हती. १८६७ मध्यें गांवकऱ्यांनीं बौद्ध भिक्षूंस न बोलावितां आपले मृत पुरले, तेव्हां अडुसष्ट जणांस रात्रीं धरून नेण्यांत आलें. यातना असह्य होऊन बहुतेकांनीं धर्मत्याग कबूल केला. ताकागी सेनएमोन मात्र बधला नाहीं. सुटून आलेल्यांस घरीं चैन पडेना. सेनएमोनाचें उदाहरण डोळ्यांपुढें होतें. त्यांतील पुष्कळ जण थोड्याच दिवसांत आपण होऊन गांवच्या पाटलाकडे गेले आणि आपला शब्द परत घेतला. याचा परिणाम काय होईल हें ते जाणून होते.

परिणाम झालाच. १८६८ पासून सुमारें ३,४०० माणसांस, म्हणजे जवळजवळ सबंध गांवास, दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यांत आलें. सहाशेंहून अधिक तेथेंच मेलीं. १८७३ मध्यें बंदीच्या पाट्या उतरल्या आणि उरलेलीं परत आलीं, तों घरें मोडलेलीं, शेतें ओसाड. पुढच्याच वर्षीं आमांशाची सांथ आली. तेव्हां इवानागा माकी या हद्दपारींतून परतलेल्या तरुणीनें आपल्यासारख्याच कांहीं मुली जमवून रोग्यांची शुश्रूषा केली, आणि जीं मुलें पोरकीं झालीं त्यांस पोटाशीं धरिलें.

पाटलाच्या ज्या वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या प्रतिमेवर पाय द्यावा लागला, तो वाडा या दरिद्री लोकांनीं १८८० मध्यें विकत घेतला व तेथें मिस्सा सुरू केली. १८९५ मध्यें त्याच जागेवर मोठ्या मंदिराचें काम आरंभिलें. तें पुरें होण्यास १९१४ साल उजाडलें. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं अणुबाँबनें तें जमीनदोस्त झालें, आणि बहुतेक गांवकरी त्याबरोबर गेले. राहिलेल्यांनीं ढिगाऱ्यांतून एक घंटा उकरून काढिली व त्याच वर्षीं नाताळच्या आदल्या सायंकाळीं ती वाजविली. नवें मंदिर १९५९ मध्यें तेथेंच उभें राहिलें.