ढगाच्या पोटात शिरलेली विमाने

नागपूरच्या कळमना मार्केटात एप्रिलच्या एखाद्या दुपारी मिरचीची पोती उघड्यावर पडलेली असतात. आभाळात ढग चढतो. एकाएकी गार वारा सुटतो, धूळ उडते आणि हमाल ताडपत्र्या घेऊन धावतात. थेंब मागाहून पडतात. वर्गात आपण अभिसरण शिकवतो: तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. मग ही गार हवा आली कुठून?

जमिनीवर बसून याचे नेमके उत्तर मिळेना. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लष्करी विमाने व वैमानिक उपलब्ध झाले. होरेस बायर्स यांच्या नेतृत्वाखाली १९४६ मध्ये फ्लोरिडात व १९४७ मध्ये ओहायोत गडगडाटी ढगांमध्ये विमाने धाडण्यात आली. पाच विमाने एकावर एक, सुमारे ५,००० फुटांच्या अंतराने उडत. विमान किती वर फेकले गेले किंवा खाली दबले, यावरून हवेचा उभा वेग काढत.

दिसले ते असे: कोवळ्या ढगात हवा वरच चढते. मग थेंब जड होतात, पडताना हवेला खाली ओढतात. त्यांतले काही पाणी वाफ होते व हवा गारठते. तीच जमिनीवर आपटून चौफेर पसरते. अखेर खाली येणारा प्रवाह चढत्या हवेचा मार्ग तोडतो आणि ढग विरतो.

महाराष्ट्रात प्रश्न उलटा होता. पर्जन्यछायेच्या प्रदेशात ढग येतात, पण थेंब मोठे होण्याआधीच अनेक विरतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने १९७३ ते १९८६ दरम्यान अकरा पावसाळे बारामती भागात विमानातून ढगांत मिठाची पूड फवारली. ढगांचा स्वभाव रोज बदलतो. म्हणून दोन क्षेत्रांपैकी कोणत्या क्षेत्रात फवारायचे, हे दैवयोगाने ठरवत. पाऊस सुमारे २४ टक्के वाढल्याचा निष्कर्ष निघाला. याच संस्थेने २०१८ व २०१९ मध्ये सोलापूर परिसरात पुन्हा विमाने उडवली. मात्र ढगच नसेल, तर फवारणीने पाऊस पडत नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे.

आपल्याला विमान कुठले मिळायला? पण शाळेच्या व्हरांड्यात तापमापक टांगता येईल. गार वारा सुटताच पारा किती उतरला आणि पहिला थेंब किती मिनिटांनी पडला, एवढे मुलांनी टिपले, तरी ढगातून उतरलेली हवा त्यांनी स्वतः मोजलेली असेल.