दोन भेटी आणि एक व्रत



आजचा विषय मला घरातच सुचला. माझ्या नातीने दूध, दही, तूप सारेच वर्ज्य केले आहे. वासराचा वाटा आपण का घ्यावा, हा तिचा प्रश्न. जन्मभर विज्ञान शिकवूनही मला तत्काळ उत्तर देता आले नाही. म्हणून मी इतिहासाकडे वळलो, आणि तो आपल्या इंदुरातच भेटला.

मार्च १९१८ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून येथे आले, तेव्हा त्यांना दूध सोडून सहा वर्षे होत आली होती. १९१२ साली टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले, त्यामागे संयमाचा विचार होता आणि दुधासाठी गाईम्हशींचा होणारा छळही. इंदूरच्या भेटीनंतर, त्याच वर्षी आमांशाने त्यांची प्रकृती पार खालावली. कस्तुरबांनी सुचविले की, व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती. मग शेळीचे दूध का चालू नये? त्यांनी ते घेतले. परंतु व्रताचा शब्द राखला, आत्मा राखला नाही, ही खंत त्यांनी आत्मचरित्रात प्रांजळपणे नोंदविली.

एप्रिल १९३५ मध्ये त्याच संमेलनाचे अध्यक्षपद भूषविण्यास ते पुन्हा इंदुरास आले. त्याच वर्षी वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी सोयाबीनचे प्रयोग आरंभिले. दुधाला वनस्पतिज पर्याय शोधण्याची आस सुटली नव्हती. तथापि १९४२ साली आगाखान पॅलेसमधील कारावासात लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात त्यांनी मान्य केले की, शाकाहाराला दुधाची जोड हवी, असेच अनुभव सांगतो.

या कोड्याचा एक दुवा शास्त्राच्या हाती आला तो १९४८ साली. त्या वर्षी बी-१२ जीवनसत्त्व वेगळे करण्यात आले. ते सूक्ष्मजीव तयार करतात. वनस्पतिज अन्नातून ते भरवशाने मिळत नाही. गांधीजींचे आजारपण त्याच्याच अभावाने आले, असे मी म्हणणार नाही. पण पर्याय शोधणाऱ्याजवळ तेव्हा हे ज्ञान नव्हते, एवढे निश्चित.

प्रथिनांचा प्रश्न मात्र आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत सुटण्याजोगा आहे. १९८७ साली इंदुरात सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. गव्हात लायसिन कमी, ते सोयाबीनमध्ये भरपूर. म्हणून गव्हाच्या पिठात थोडे सोयाबीनचे पीठ मिसळणे शहाणपणाचे. मात्र प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे घटक कच्च्या दाण्यात असतात. तेव्हा तो भिजवून नीट शिजवावा. कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणी आहेत. डाळी-पालेभाज्यांतील लोह अंगी लागावे म्हणून सोबत लिंबू घ्यावे. पोह्यांवर ते पिळण्याची आपली सवय येथे उपयोगी पडते.

बी-१२ मात्र गोळीतून किंवा ते मिसळलेल्या पदार्थांतूनच घ्यावे लागते. रोजची गरज अवघी दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पण यकृतातील साठा काही वर्षे पुरत असल्याने उणीव उशिरा उमगते आणि तोवर मज्जातंतूंना इजा झालेली असू शकते.

नातीला मी एवढेच सांगितले : तुझे व्रत मोडावे, असे मी म्हणत नाही. परंतु गांधीजींनी जसा स्वतःच्या प्रयोगाचा हिशेब उघडा ठेवला, तसा तूही ठेव. रक्ताची तपासणी करून घे. करुणेला ज्ञानाची जोड मिळाली, तरच व्रत टिकते. ती आता रोज सकाळी आठवणीने गोळी घेते. मीही चहात दूध घालताना क्षणभर थांबतो.